बॅटरीच्या दुकानातली आमची मराठी

तेव्हा परदेशी माल नुकताच मद्रासहून तंजावूरला यायला लागला होता, आणि आमच्या गल्लीतला पहिला गाडीवाला मी होतो. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची, ब्यांकेच्या पगारात बसणारी. ऐट मात्र नवी. आठवड्यातून एकदा हलायची, त्यामुळे बॅटरी उतरून बसायची. मग शेजाऱ्यांना हाका मारून धक्का मारायला लावायचं. धक्का मारता मारता ते हसायचे, आणि ते हसणं मला फार झोंबायचं.

त्यात मुलगी सायकलवरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. तीन आठवड्यांवर तिची इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा, केंद्र त्रिचीला. दोन वर्षं पोरीने दुसरं काही केलं नव्हतं. तसला पाय घेऊन बसने जाणं शक्यच नव्हतं. बायको म्हणाली, भाड्याची गाडी सांगू या. मी उसळलो. "स्वतःची गाडी दारात असताना? लोक काय म्हणतील?"

त्यापेक्षा बंद गाडी चालू करणारी पेटी घ्यायची, असं मी ठरवलं. आत बॅटरी, बाहेर दोन वायरी. वायरींचे चिमटे गाडीच्या बॅटरीला लावायचे, किल्ली फिरवायची, झालं काम. किल्ल्याच्या खंदकाकडच्या रस्त्यावर एक बॅटरीवाला होता, त्याने मद्रासहून अशा दोन पेट्या आणल्या होत्या. इस्पितळात प्लास्टर दाखवून परतताना आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. त्याने आधी मुलीला स्टूल दिलं, पाय ठेवायला दुसरं दिलं, आणि मग पेट्या दाखवल्या.

एक हलकी, देखणी, आमच्या खिशाला परवडेल अशी. दुसरी धोंड्यासारखी जड आणि बरीच महाग. तो तमिळमध्ये शांतपणे सांगू लागला. "सार, खोक्यावरचे आकडे बघू नका. वायर बघा. या छोटीची वायर बारीक आहे, बॅटरी पार उतरली असेल तर ही गाडी उठवणार नाही. घ्यायची तर जड घ्या. नाहीतर काहीच घेऊ नका, त्या दिवशी मला बोलवा."

याहून सरळ कोण सांगणार? पण मला त्यात डाव दिसला.

आता आमची खोड सांगतो. तंजावूरच्या आम्हा मराठी घरांत मराठी दोनच ठिकाणी चालायची, स्वयंपाकघरात आणि दुकानात. दुकानात ती आमची गुप्त भाषा. भाजीवालीच्या तोंडावर "कुजकी आहेत गं, चल पुढे" म्हणायचं आणि तिच्याकडे बघून गोड हसायचं. कुणाला काही कळत नाही या भरवशावर आमच्या जिभेला हाडच राहिलं नव्हतं.

तसाच गोड हसत मी बायकोला म्हणालो, "बघ कसा महागाची गळ्यात मारतोय. चौथी तरी पास आहे का कोण जाणे, आणि मला अक्कल शिकवतोय! चेहराच चोराचा आहे."

बायको फिसकन हसली. मुलीने मान खाली घातली. बॅटरीवाल्याने हलकी पेटी कागदात बांधून दिली आणि दर महिन्याला चार्ज करा म्हणाला.

पेटीने आधी दोनदा गाडी चालू करून दिलीही. मी गल्लीभर मिरवलो. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गाडी धुतली, पुसली, आणि आतला दिवा तसाच राहिला. सकाळी किल्ली फिरवली तर साधा खुट्ट आवाज नाही. पेटी लावली. वायरी तापल्या, वास आला, गाडी ढिम्म. शेजाऱ्यांनी धक्का मारून पाहिलं, तरी ढिम्म. मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय आडवा ठेवून पोरगी बसलेली, हातात प्रवेशपत्र, डोळ्यांत पाणी. भाड्याची गाडी मिळायची वेळ टळली होती. मी स्कूटर काढली आणि बॅटरीवाल्याकडे सुटलो.

तो दुकानामागेच राहायचा. मी दार वाजवलं, ओरडून नाव सांगितलं. आतून बाईचा आवाज आला.

"कोण हो एवढ्या सकाळी?"

"ते गं, ब्यांकेतले सार. मला चौथी पास नाही म्हणाले, ते."

मराठीत. आमच्या घरात बोलतात तश्शीच मराठी. पळून जावंसं वाटलं, देवाशपथ. पण पोरीची परीक्षा होती, आणि दार उघडलं होतं.

माझ्याशी तो तमिळमध्येच बोलला. "बॅटरी पार उतरली ना? चला." ती जड पेटी मांडीवर घेऊन तो माझ्यामागे बसला. वाटभर माझी पाठ जळत होती. त्याने चिमटे लावले, मला किल्ली फिरवायला सांगितली, आणि गाडी एका दमात सुरू झाली. मी खिशात हात घातला तर त्याने मान हलवली. मराठीत माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, आणि निघाले ते तमिळमधले कोरडे आभार. मग तो खिडकीशी वाकला आणि माझ्या देखत मुलीला मराठीत म्हणाला, "भिऊ नको गं बाळ. नीट लिही." आणि पेटी उचलून चालत निघून गेला.

आम्ही वेळेत पोचलो. पेपर चांगला गेला. परतताना, वल्लम गाव ओलांडल्यावर, मला राहवेना. मी मुलीला सगळं सांगितलं, दाराआडून ऐकलेलंसुद्धा.

ती घरी नेहमी बोलते तशी तमिळमध्ये म्हणाली, "मला ठाऊक होतं, अप्पा. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. तिची मराठी माझ्यापेक्षा चांगली आहे."

मी गाडी कडेला घेतली आणि भडकलो. हो, एवढं होऊनही भडकलो. "मग तिथंच का नाही सांगितलंस? बापाची अशी शोभा होऊ दिलीस?"

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुम्ही बाहेर येऊन तेच बोलला असता."