दुखण्याला दहापैकी किती?

हाडांच्या वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेला अख्खं सरकारी रुग्णालय फौजदारबाई म्हणायचं. तोंडावर अर्थात 'सिस्टर'. पण पाठ वळली की फौजदारबाई. हे बाईंना ठाऊक नाही, असा समज बाकीच्यांनी आपसांत करून घेतला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चार अधीक्षक, दोन लिफ्टमन आणि एक गळका नळ सरळ केला होता. नळाने सगळ्यांत जास्त दिवस घेतले.

त्या वर्षी आरोग्य खात्याचं एक परिपत्रक आलं. विषय होता 'तीव्र व दीर्घकालीन वेदनांवरील उपचारांचे धोरण'. ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या जोडीला आता प्रत्येक रुग्णाचं दुखणंही मोजायचं होतं, दिवसातून तीनदा. रुग्णाला विचारायचं, "शून्य ते दहापैकी तुम्हाला किती दुखतंय?" चारपर्यंत साधी गोळी, पाच-सहाला त्याच्या वरची, आणि सात किंवा पुढे असेल तर कुलूपबंद कपाटातलं औषध, दोन सह्यांनिशी. सोबत एक तक्ताही होता. त्यावर हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत गोल गोल तोंडं काढलेली. आकडा न कळणाऱ्याने बोट ठेवायचं.

बाईंना परिपत्रकं बघितली की एरवी कपाळशूळ उठायचा. हे मात्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. त्या नोकरीला लागल्या तेव्हाचे मोठे डॉक्टर राउंडला म्हणायचे, "ओरडतोय ना? म्हणजे जिवंत आहे. पुढचा." आणि बाईसुद्धा तेव्हा, वय वर्षं तेवीस, मोडक्या मांडीच्या माणसाला सांगायच्या, "जरा सहन करा हो." काय सहन करायचं ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. आता सरकार स्वतःहून विचारायला सांगत होतं. बाईंनी तक्त्याला प्लॅस्टिकचं आवरण घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

अडचण एवढीच होती, की रुग्णांनी परिपत्रक वाचलेलं नव्हतं.

"दहापैकी किती दुखतंय?" बाईंनी खाट क्रमांक एकवरच्या गवंड्याला विचारलं.

"ठणकतंय."

"हो, पण किती?"

"चांगलंच ठणकतंय."

तीन नंबरचा पोस्टमन म्हणाला, "बसलो तर दोन, उठलो तर नऊ. तुम्ही कुठल्याचं विचारताय?" पाच नंबरच्या मास्तरांनी उलट विचारलं, की दहा म्हणजे नक्की काय धरायचं, व्याख्या सांगा. बाह्यरुग्ण विभागात तर आणखी गंमत. तीन महिन्यांच्या आतलं दुखणं तीव्र, त्यापुढचं दीर्घकालीन, म्हणून दोघांचे बाक वेगळे केलेले. एक गृहस्थ दोन्ही बाकांच्या मधोमध कंबर धरून उभे होते. "माझ्या दुखण्याला तीन महिने व्हायला चार दिवस कमी आहेत," ते म्हणाले. "मी बसू कुठं?"

"आज इकडे बसा, सोमवारी तिकडे," बाई म्हणाल्या. गृहस्थांना हे पटलंसुद्धा.

अशात सात आणि आठ नंबरच्या खाटांवर एकाच दिवशी दोघी दाखल झाल्या. सात नंबरला ब्यूटी पार्लरवाली. जिन्यावरून घसरून तिचा घोटा मुरगळला होता. मुरगळण्याला तिने मनापासून न्याय दिला होता. किती दुखतंय विचारताच ती म्हणाली, "बारा!"

"दहापर्यंतच आहे."

"मग दहा लिहा, आणि वर दोन."

आठ नंबरला शिवणकाम करणाऱ्या एक आजी. वय त्र्याहत्तर. छातीतली कॅन्सरची गाठ तीन वर्षांपूर्वी काढलेली, आता तो आजार कमरेच्या हाडात उतरलेला. आजींनी सगळं आयुष्य मशीनवर काढलं होतं आणि खाटेवर पडल्या पडल्याही त्यांची नजर पडद्यांच्या शिवणीवर होती. "कुणी शिवलेत हे? टाका केवढा मोठा घातलाय," असं त्या आल्या आल्याच म्हणाल्या होत्या.

"आजी, दहापैकी किती दुखतंय?"

"बरंय हो."

"आकडा सांगा."

आजींनी विचार केला. "तीन लिहा. शाळेत मला कधी दहापैकी पाच पडले नाहीत, आता कुठं दुखण्यात मागत बसू?"

बाईंनी तक्ता पुढे धरला. आजींनी चष्मा सारखा करून तोंडं एकेक निरखली. शेवटच्या रडक्या तोंडाशी आल्यावर त्यांना राहवलं नाही. "हे बाळ कुणाचं? याला उचला बाई कुणीतरी."

परिपत्रकाप्रमाणे पार्लरवालीला कपाटातलं इंजेक्शन मिळालं आणि आजींना साधी गोळी. पार्लरवाली तासाभरात सगळ्या वॉर्डाला भुवया कशा ठेवाव्यात ते सांगू लागली. पोरगी वाईट नव्हती. घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाचं जास्त दुखतं हे बाईंना माहीत होतं. पण त्यांचं लक्ष आठ नंबरवर होतं. चादर बदलायला आजींना कुशीवर वळवलं, तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. फक्त उशीच्या अभ्र्याचा कोपरा दातांत धरला. नंतर बाईंनी पाहिलं, तर अभ्र्याला चारही कोपऱ्यांवर दातांच्या खुणा होत्या.

"खरं सांगा," बाई खाली वाकून म्हणाल्या. "कसं दुखतं?"

आकडा नाही विचारला म्हटल्यावर आजी बोलल्या. "कातरीने जाड कापड कापतात ना, बोथट कातरीने? तसं आत कुणीतरी कापत बसलंय. आणि कापड काही संपत नाही."

बाई तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर नवे होते, हुशार होते आणि नियमांना भिऊन होते. कपाटातल्या औषधाचा हिशेब वरपर्यंत जायचा आणि आधीच्या जागी त्यांना एका चुकीच्या सहीबद्दल खुलासा द्यावा लागला होता.

"सिस्टर, मला कळतंय. पण तीन आहेत. सात हवेत."

"मग मी सात लिहू?"

"नको नको!" डॉक्टर दचकले. "त्या म्हणाल्या तेच लिहायचं."

खोटा आकडा बाईंनाही लिहायचा नव्हता. त्यांनी परिपत्रकाचं शेवटचं पान काढलं. तळाशी बारीक अक्षरांत होतं, 'शंका असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा.' बाईंनी डॉक्टरांच्याच टेबलावरचा फोन ओढला.

"नमस्कार, वेदना व्यवस्थापन कक्ष," पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "म्हणजे कक्ष अजून मिळायचाय. पण बोला."

"मला शंका आहे."

"खरंच?" पलीकडच्या साहेबांना झालेला आनंद लपेना. "परिपत्रक काढून दोन महिने झाले. तुमचा पहिलाच फोन."

बाईंनी आजींची हकीकत सांगितली. साहेबांनी समजावलं, की आकडा असला की तुलना करता येते, औषध वाया जात नाही, ज्याला नको त्याला मिळत नाही. त्यांचं बोलणं मुद्द्याचं होतं आणि बाईंनी ते मान्यही केलं. मग त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला कधी काही दुखतं?"

"मला? मान. फायली वाचून वाचून."

"किती?"

"अहो, काय सांगू, उजवीकडे वळलो की अशी कळ निघते ना, खांद्यातून थेट करंगळीपर्यंत. सकाळी तर जणू कुणी मानेत खुंटी—"

"साहेब, आकडा."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला.

"मुद्दा चौदा वाचलात का?" साहेब शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "आकडा आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, तर डॉक्टरांनी आपलं निरीक्षण लिहून उपचार ठरवावा. मीच घातलाय तो. दहाव्या पानावर."

बाईंनी पानं उलटली. नऊनंतर एकदम अकरा. झेरॉक्सवाल्याने दहावं पान गाळलं होतं आणि दोन महिने आठ वॉर्डांत कुणाला त्याची उणीव भासली नव्हती.

साहेबांनी पानाचा फोटो लगेच बाईंच्या मोबाईलवर पाठवला. डॉक्टरांनी तो मोठा करून तीनदा वाचला. मग ते आठ नंबरपाशी गेले, अभ्रा हातात घेऊन पाहिला आणि केसपेपरवर अर्धं पान निरीक्षण लिहिलं. इतकं सुवाच्य अक्षर त्यांचं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी आजींना मॉर्फिनचं पातळ औषध सुरू झालं, पोट साफ राहायच्या औषधासकट. चहाच्या वेळी बाई बघायला आल्या, तर आजी तोंड उघडं टाकून घोरत होत्या. सून शेजारी बसून रडत होती. "काय झालं?" म्हणून बाई धावल्या. सून म्हणाली, "काही नाही हो. चार महिन्यांत झोपलेल्या बघितल्या नव्हत्या."

आठवड्याभरात आजी औषधाची बाटली घेऊन घरी गेल्या. किती, केव्हा आणि चुकून जास्त झालं तर काय, हे बाईंनी सुनेकडून तीनदा म्हणवून घेतलं. त्यानंतर आजी सात महिने जगल्या. त्यातले पाच महिने तरी त्या मशीनवर बसत होत्या, आणि वॉर्डाचे सगळे पडदे त्यांनी उसवून नव्याने शिवून पाठवले. सोबत निरोप होता, की आता टाका बघा.

बाई मात्र एका फोनवर थांबल्या नाहीत. त्यांनी चाळीस रुग्णांचे शब्द एका वहीत उतरवले: ठणका, ठसठस, चमक, सणक, भगभग, रग, पेटका, चुरचुर, कुणाला कसं, कधी, कशाने कमी होतं. वहीची प्रत साहेबांना धाडली. घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, सरकारला इतकं दुखणं एकदम पाठवू नये. झेपायचं नाही."

सरकारने वर्षभराने झेपवलं. सुधारित परिपत्रक निघालं आणि फॉर्मवर आकड्याशेजारी 'रुग्णाच्या शब्दांत' असा रकाना आला. रकाना एवढासा, की त्यात फार तर 'आई गं' मावेल. बाईंनी पुन्हा फोन केला. साहेबांनी आता आवाज ओळखला. पुढच्या छपाईत रकाना तीन ओळींचा झाला. त्या जोरावर मास्तरांसारखी माणसं पुरवणी मागू लागली आणि सकाळचा राउंड दुपारच्या जेवणापर्यंत लांबायला लागला. डॉक्टर कुरकुरले, पण केसपेपर वाचायला मात्र लागले.

मग खात्याने बाईंना दुसऱ्या गावी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. टेबलावर 'तज्ज्ञ' अशी पाटी होती. बाईंनी ती पालथी घातली, पण आधी मोबाईलवर तिचा फोटो काढून यजमानांना पाठवला. माईक बंद पडला, त्याने काही बिघडलं नाही. बाईंचा आवाज मागच्या रांगेपलीकडे, थेट सायकल स्टँडपर्यंत गेला.

कार्यक्रम आटोपून त्या बसस्टँडकडे निघाल्या, तेव्हा एक पन्नाशीचे डॉक्टर मागून धावत आले. त्यांना माणसांसमोर विचारायचं नव्हतं. "सिस्टर, माझी आई. गुडघे गेलेत. मी रोज विचारतो, ती रोज म्हणते काही नाही."

"तुम्ही आकडा विचारता?"

"दहापैकी," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"संडासला जाताना भिंत धरतात का? कुठल्या हाताने?"

डॉक्टरांनी आधी उजवा हात उचलला, मग डावा. बाईंनी पिशवी फुटपाथवर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बरं, सकाळी उठल्यावर आधी कुठला पाय खाली टेकवतात?" बाईंची बस समोरून निघून गेली. दोघं तिथेच उभे राहून आईच्या उठण्याबसण्याचा एकेक टप्पा आठवत राहिले.