जगदाळे मिस्त्री आणि गळक्या मोटारी

रबर आणि कॅनव्हास विकणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. मिठाईवाल्याकडे माणूस खुशीत जातो. माझ्या पडाव भागातल्या दुकानात मात्र तो येतो तो भिजलेला, चिडलेला आणि बहुतेक वेळा बायकोचं ऐकून घेऊन आलेला! चिडलेला माणूस खरं बोलतो. मी फक्त बाकडं पुढे सरकवायचं आणि चहा सांगायचा. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी शिकलो ते मोटारीच्या सामानाच्या कॅटलॉगातून, आणि माणसं शिकलो ती गळक्या मोटारींतून.

या सगळ्या किस्स्यांच्या मधोमध एकच माणूस आहे. दत्ताजी जगदाळे, संस्थानच्या मोटारखान्यातले हेडमिस्त्री. अंगानं काडी, मिशा मात्र दोन माणसांच्या. पणजोबा दख्खनेतून पलटणीबरोबर आले ते तलवार घेऊन. पणतूच्या हातात पाना आला. पण ताठा तोच!

आधी संस्थान विलीन झालं आणि मध्य भारत झाला. राजधानी सहा महिने आमच्याकडे, सहा महिने इंदूरला. मग तेही मोडलं, मध्यप्रदेश झाला आणि सगळंच भोपाळला गेलं. या उलथापालथीत मिस्त्रींचा प्रश्न एकच होता. संस्थानात केलेली बावीस वर्षं नवं सरकार धरणार की नाही? धरली तर कायमची जागा, पुढे पेन्शन. नाही धरली तर पन्नाशीत रोजंदारीवरचा नवा गडी!

मी ऑफिसांत सामान पोचवायला जाई. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मिस्त्री दुकानात आले की पहिलं वाक्य ठरलेलं. "बापू, कुछ सुना? आमच्या कागदांचं काही?"

"कागद चालू आहेत, मिस्त्री."

"चालू आहेत ना? मग आमच्या गाड्यांपेक्षा बरे!"

*

त्यांची गळती शोधायची रीत पहिल्यांदा पाहिली ती एका सरदारसाहेबांच्या गाडीवर. मागच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागी घोटाभर पाणी. सरदारसाहेबांनी दोनदा छताला रंग दिला होता. पाणी जैसे थे.

मिस्त्रींनी छताकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, काचांच्या रबराला आतून लावल्या, स्वतः आत बसले आणि दारं लावून घेतली. बाहेर मी, हातात झारी. हुकूम असा की खालून सुरुवात करायची आणि वीतवीत वर सरकायचं. "वरून ओतलंत तर सगळंच भिजेल, चोर सापडणार नाही!"

पाणी शिरलं ते पुढच्या काचेखालच्या जाळीतून. तिथे कडुनिंबाचा पाला अडकून निचऱ्याचं भोक बुजलं होतं. पाणी तिथून आत, गालिच्याखालून सरपटत थेट मागे. मिस्त्रींनी मूठभर पाला काढून सरदारसाहेबांच्या हातावर ठेवला.

"म्हणजे छत निर्दोष होतं?"

"छत आपल्यासारखंच, सरकार. दोष दुसऱ्याचा, बोलणी त्याला!"

त्याच महिन्यात सरदारसाहेबांची जहागीर गेली होती. ते हसले, पण थोडं उशिरा हसले.

*

पुढे एकाच प्रकारची गळती घेऊन गाड्या येऊ लागल्या. ड्रायव्हरच्या पायांवर धार. सगळ्या गाड्या सरदार-मानकऱ्यांच्या!

कारण साधं होतं. संस्थान गेलं तशी गाड्यांवरची निशाणं उतरवायचा हुकूम आला. निशाणाची काठी बसवायची पितळी बैठक पुढच्या काचेखाली पत्र्यात स्क्रूनं पक्की केलेली असे. लोकांनी बैठक काढली आणि गाडी घरी नेली. निशाण गेलं, चार भोकं राहिली!

मिस्त्री रबरी वॉशर लावून भोकं बंद करत. एका वयस्क सरदारांनी मात्र त्यांचा हात धरला. "बुजवू नका, दत्ताजीराव. परत निशाण लागलं तर पुन्हा पत्रा टोचायचा का?"

मिस्त्रींनी वॉशर खिशात टाकला. बोलला तो सरदारांचा ड्रायव्हर रामसेवक. पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढलेला.

"सरकार, निशान जब लगे तब लगे. तब तक मुझे गमबूट दिला दीजिए!"

गमबूट मीच विकले. भोकं तशीच राहिली.

*

बिर्लानगरकडे एक डॉक्टर होते. मोटारखान्यातल्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला त्यात त्यांनी एक घेतली. पाणी आत येऊ लागलं तसं त्यांनी स्वतःच उपचार सुरू केले. डांबर आणलं आणि दिसेल ती फट लिंपली. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तीसुद्धा!

आठवड्याभरानं गाडी दुकानापुढे आली. वळताना आतून डबक डबक आवाज. मिस्त्रींनी दाराला कान लावला, बोटांनी दोनदा वाजवून पाहिलं, अगदी डॉक्टर छाती वाजवतात तसं.

"काय निदान?" डॉक्टरांनी हसत विचारलं.

"जलोदर!"

मोटारीच्या दारात काचेवरून पाणी उतरतंच. ते थोपवता येत नाही, त्याला वाट द्यावी लागते. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरनं खालचं डांबर टोचलं. चारी दारांनी डॉक्टरांच्या नव्या बुटांवर धारा सोडल्या.

"तुमची फी, मिस्त्री?"

"टोचायचे तुम्ही घेता तेवढेच द्या!"

डॉक्टर तेव्हापासून आमचे झाले. गाडी मात्र गळायची थांबेना, आणि ते दर पंधरा दिवसांनी रबर न्यायला येऊ लागले.

*

सरकारी गळतीचा मामला निराळा. एका साहेबांच्या गाडीचं छत टपकत होतं. सीटवर बसलं की नेमकं चष्म्यावर. मिस्त्रींनी अर्ध्या तासात जागा शोधली, पण हात लावायला मंजुरी हवी. फाईल भोपाळला गेली. तोपर्यंत साहेब फूलबागेसमोरून रोज गाडीत छत्री उघडून जात. पोरं गाडीमागे पळत. साहेब पोरांकडे बघत नसत आणि ड्रायव्हर आरशात बघत नसे.

मंजुरी आली ती पौषात, कडाक्याच्या थंडीत. अट एकच. दुरुस्तीपूर्वी गळती प्रत्यक्ष पावसात पाहून तसा शेरा मारावा!

"झारीनं ओतू का?" मी विचारलं.

ऑफिसातले हेडक्लार्क, बडे बाबू, कागदावरून मान न उचलता म्हणाले, "सेठ, झारी का ज़िक्र इसमें नहीं है."

मिस्त्री बाहेर आल्यावर म्हणाले, "बापू, गाडीच्या छताला इतका वेळ, तर माझ्या बावीस वर्षांना किती लागेल?"

मी हसण्यावारी नेलं. नेऊ नये अशा काही गोष्टी मी आयुष्यात हसण्यावारी नेल्या, त्यातली ही एक.

*

मग मोटारखान्याचा चार्ज द्यायची वेळ आली. गाड्यांची यादी, आणि यादीत एक रकाना: "पाणी आत येते काय?" मिस्त्री एकेका गाडीपुढे सुवाच्य अक्षरात लिहीत गेले. कोरडी. कोरडी. कोरडी.

शेवटची गाडी मोठ्या डिकीची, शिकारीला जायची ती. तिच्या डिकीत पाणी येत होतं. मला माहीत होतं, कारण आदल्या रविवारी झारी माझ्याच हातात होती. झाकणाभोवतीचं रबर पार कुजलं होतं.

"मिस्त्री, हिच्यापुढे खरं लिहा."

त्यांनी टाक खाली ठेवला. "आमच्या मोटारखान्यातली गाडी गळते, असं माझ्या अक्षरात भोपाळला जाणार? बापू, मला चार दिवस द्या. रबर बसवतो, कोरडी करतो. मग लिहिलेलं खोटं कुठे राहिलं?"

आणि लिहिलं: कोरडी.

त्या झाकणाला लागणारं जाड रबर माझ्याकडे एकाच गाडीपुरतं होतं. ते मी दोनच दिवसांपूर्वी जलोदरवाल्या डॉक्टरांना कापून दिलं होतं. मिस्त्रींनी ते ठेवायला सांगितलं नव्हतं, हे खरं. त्यांना लागणार हे मला माहीत होतं, हेही खरं. मुंबईला तार केली. रबर निघालंसुद्धा.

पण गाडी थांबली नाही. तिसऱ्याच दिवशी हुकूम आला आणि उरलेलं दफ्तर डिकीत भरून गाडी भोपाळला निघाली. मिस्त्री रजेवर घरी होते, त्यांना कुणी कळवलंसुद्धा नाही. बाकी सगळ्यांची नोकरीची पुस्तकं, म्हणजे सर्व्हिस बुकं, आधीच रेल्वेनं गेली होती. चार्ज देणारा माणूस सर्वांत शेवटी सुटतो, म्हणून मिस्त्रींचं एकट्याचं पुस्तक आणि त्यांची जुनी पगारपत्रकं या शेवटच्या गाठोड्यात होती.

शिवपुरीपासून गुन्यापर्यंत पाऊस धो धो कोसळत होता. भोपाळला गाठोडं सोडलं तेव्हा बावीस वर्षांची लापशी झाली होती. ड्रायव्हर रामसेवकचा भाऊच होता. तो परत येऊन म्हणाला, "मिस्त्रीजी, स्याही तक नहीं बची."

रबर त्याच संध्याकाळी रेल्वेनं आलं.

*

भोपाळनं कळवलं: पुस्तक नाही, म्हणून आधीची नोकरी धरता येत नाही. मिस्त्रींनी अर्ज केला की डिकीत पाणी शिरून पुस्तक नष्ट झालं. उत्तर आलं: आपल्याच हस्ताक्षरात डिकी कोरडी आहे. पाणी शिरलं नसेल तर पुस्तक भिजलं कसं? आणि भिजलं नसेल तर ते होतं कशावरून?

मी म्हणालो, "मी साक्ष देतो. झारी माझ्या हातात होती."

"तुम्ही सामान पुरवणारे, बापू. तुमची साक्ष कोण घेणार?"

वर्षभर मिस्त्री रोजंदारीवर गेले. त्यांनीच शिकवलेल्या माणसाच्या हाताखाली पाने पुसत.

पुढच्या पावसाळ्यात चौकशीला एक साहेब आले, जबलपूरकडचे. भला माणूस. तीच गाडी घेऊन आले होते. भोपाळात तिच्या रबराला अजून कुणी हात लावला नव्हता. मोटारखान्याच्या अंगणात जुने ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री असे पंचवीस-तीस लोक जमले. साहेबांनी जगदाळ्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

साहेब म्हणाले, "मिस्त्रीजी, घबराइए मत. आप अंदर बैठिए, सेठजी पानी डालेंगे. पानी आया तो मैं लिख दूँगा कि लिस्ट में भूल हुई थी. आपके बाईस साल आपको मिल जाएँगे."

इतकं सोपं! मी झारी भरली. झारीत तेव्हा नुसतं पाणी नव्हतं, माझं डॉक्टरांना विकलेलं रबरही होतं. निदान ती चूक धुऊन निघेल असं मला तरी वाटत होतं.

मिस्त्री टोपी नीट करून डिकीत शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले. मी झाकण लावलं.

तेवढ्यात बडे बाबू साहेबांना म्हणाले, काही हळूही नाही, डिकीतही ऐकू जाईल असं, "साहब, इसमें देखना क्या है? रियासत का माल है. ऊपर से पॉलिश, अंदर से छेद. गाड़ी भी, आदमी भी."

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मान खाली घातली.

मी पाणी ओतलं. या वेळी वीतवीत नाही, वरूनच ओतलं, सगळीच्या सगळी झारी. मग दुसरी. झाकणाच्या कडेनं पाणी आत पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. साहेबांनाही येत असावा, कारण त्यांनी पेन उघडलं. तिसरी झारी मी कशासाठी ओतली, देव जाणे.

"बस, बस," साहेब म्हणाले. "खोलिए."

झाकण उघडलं. मिस्त्री बाहेर आले. टोपी, मिशा, कोट, सगळं निथळत होतं. पायांखालच्या फरशीवर डबकं साठत गेलं. पेन कागदावर टेकवून साहेबांनी मायेनं विचारलं, "तो मिस्त्रीजी? आया पानी?"

जगदाळे मिस्त्रींनी एकदा अंगणातल्या माणसांकडे पाहिलं, एकदा बड्या बाबूंकडे. मग टाचा जुळवल्या.

"नहीं, हुज़ूर. गाडी सूखी है."