सरासरी पंचवीस

वेंडेल स्ट्राउड यांच्याबद्दल मी पहिलं खोटं लिहिलं ते एका जेवणासाठी. मी पैसे खाल्ले नाहीत, कुणाला फसवावं असंही मनात नव्हतं. उलट त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते, आणि आज तेच जास्त टोचतं.

साल चौऱ्याण्णव. फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या ‘कॉपर लँटर्न’ कसिनोत मी दुपारच्या पाळीला चार टेबलांवर देखरेख करायची. वेंडेल दर मंगळवारी आणि गुरुवारी दोनच्या ठोक्याला ब्लॅकजॅकच्या पत्त्यांच्या डावाला बसायचे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं. पाच डॉलर लावायचे, डाव बरा चालला असेल तर दहा. बायको अर्लीन यांना सिगारेटचा धूर सोसत नाही म्हणून त्या बाहेरच्या कॉफी शॉपमध्ये प्राणवायूची नळकांडी शेजारी ठेवून विणत बसायच्या. वाळवंटातल्या धुळीनं त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. हे गाव सोडा, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, म्हणून ओरेगॉनच्या किनाऱ्यावर बहिणीच्या शेजारी एक छोटं घर घ्यायला दोघं आठ वर्षं पैसे साठवत होते. तिथल्या धुक्याबद्दल ते इतकं बोलायचे की ऐकून मलाच थंडी वाजायची.

माझं काम सोपं होतं. खेळाडू बसला की आपलं कसिनोचं सभासद-कार्ड देतो, मी त्याची चिठ्ठी करते: बसला कधी, सरासरी किती लावतो, उठला कधी. प्रत्येक डाव मोजायला कुणाला वेळ आहे? जाता-येता नजर टाकायची आणि अंदाजानं आकडा लिहायचा. त्यावरून हा माणूस आज ना उद्या किती हरेल ते कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यातलाच एक घास त्याला जेवण, खोली, फळांची टोपली म्हणून परत देतो. लोक त्याला फुकट म्हणतात. मुरलेले गडी मला येताना पाहून मोठी रक्कम लावायचे आणि माझी पाठ वळली की पुन्हा पाचावर यायचे. वेंडेलना ही युक्ती ठाऊक नव्हती, आणि असती तरी त्यांनी केली नसती.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या गुरुवारी ते टोपी हातात घेऊन माझ्याकडे आले. आजवर त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात दोघांचं जेवण मिळेल का, असं मान खाली घालून विचारलं. पाच डॉलरवाल्याला कॉफी आणि फार तर सँडविच मिळतं. मी चिठ्ठीवर पंचवीस लिहिले.

त्या संध्याकाळी अर्लीननी कागदी रुमालात गुंडाळून माझ्यासाठी केकचा तुकडा आणला. पुढच्या मंगळवारी खरा आकडा लिहायचा तर आधीचं पंचवीस कुठून आलं हे वरच्यांना सांगावं लागलं असतं, म्हणून पुन्हा पंचवीस लिहिले. मग सवयच झाली. वर्षभर मी कसिनोच्या खिशातून गरिबाला जेवू घालतेय असं समजून मिरवत होते, मनातल्या मनात.

कॉम्प्युटरला दयामाया कळत नाही, त्याला आकडा कळतो. पंचवीस लावणारा, नेमानं येणारा, स्वतःचं घर असलेला, निवृत्त. अशा माणसावर सोडायला आमच्याकडे टेरेन्स कोप होता. मोठ्या गिऱ्हाइकांची सरबराई हे त्याचं काम आणि गोड बोलणं हे भांडवल. त्यानं वेंडेलना वाढदिवसाला फोन केला, टोपली धाडली, गाडीला दारापाशी जागा दिली, प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हटलं. एकतीस वर्षं गाडीखाली झोपून काम केलेल्या माणसाला कुणी कधी ‘सर’ म्हटलं नव्हतं.

ते भाळले असते तर मला समजलं असतं. पण ते ओशाळले. आपण पाच लावतो हे त्यांना ठाऊक होतंच. सरासरी काढायची आमची काहीतरी वेगळी रीत असेल, आपल्या खेळण्यात जाणकारांना काही दिसलं असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. आणि एवढं खाऊनपिऊन आपण पाचच लावायचे हे त्यांना हरामाचं वाटायला लागलं. म्हणून ते खरोखरच पंचवीस लावू लागले. मला ते दिसत होतं. माझी चिठ्ठी आता खरी झाली, कुणी पकडणार नाही, याचं मला हायसंही वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

एका बुधवारी अर्लीननी मला कॉफी शॉपमध्ये बोलावून घेतलं. शुक्रवारपासून कोपनं वेंडेलना दोन दिवसांच्या मोठ्या खेळाचं आमंत्रण दिलं होतं, वरची दोन दालनांची खोली फुकट. आणि त्यासाठी वेंडेलनी ओरेगॉनचे पैसे बँकेतून काढून आणले होते.

“मी त्याला सांगून थकले,” त्या म्हणाल्या. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. “तो म्हणतो, त्या लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. नेरिसा, तुला तो फार मानतो. तुझं ऐकेल तो.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दोनच्या आत मी वेंडेलना पार्किंगमध्ये गाठलं आणि सगळं सांगून टाकलं: त्यांच्या खेळात कुणालाही काही दिसलेलं नव्हतं, पंचवीसचा आकडा माझ्या मनचा होता, मला त्यांची दया आली होती. दया हा शब्द मी वापरायला नको होता.

त्यांनी गाडीच्या टपावर हात टेकला आणि तिथेच ठेवला. ऊन इतकं होतं की पत्रा भाजत असणार.

“चाळिसाव्या वर्षाचं जेवण?” त्यांनी विचारलं. “तेही?”

“तेही.”

“बरं,” ते म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, बायकोला घेऊन घरी जायला गेले.

मी आत आले तेव्हा ते माझ्याच टेबलावर बसले होते. कोटाच्या खिशातलं ओरेगॉनच्या पैशांचं पाकीट पत्ते वाटणाऱ्या डीलरपुढे ठेवून त्यांनी सगळ्याच्या शंभर-शंभर डॉलरच्या चिप्स, खेळायच्या चकत्या, मागितल्या. मी वाकून म्हटलं, वेंडेल, उठा, अर्लीन वाट बघताहेत. त्यांनी मला विचारलं, मला अडवायचा नियम आहे का तुमच्याकडे? तसा नियम नव्हता. पाच चिप्स त्यांनी पुढे सरकवल्या.

“लिही पोरी,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “या वेळी दिसतंय ते लिही.”

मी लिहिलं. बसण्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटं, सरासरी पाचशे. मध्ये दोनदा ते हरलेलं भरून काढून नफ्यात आले, दोन्हीदा मी डोळ्यांनी विनवलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उठण्याची वेळ चार वाजून पस्तीस, तेव्हा त्यांच्यापुढे एकही चिप उरली नव्हती. कॉम्प्युटरनं त्यांना त्या दिवशी हवं ते देऊ केलं असतं. ते टोपी घालून मागच्या दारानं निघून गेले.

पाळी सोडून मी कॉफी शॉपमध्ये गेले. अर्लीन विणत होत्या. मला पाहून त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि विचारलं, “ऐकलं ना त्यानं तुझं?”

मी समोर बसून पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्या रडतील, मला शिव्या देतील, असं वाटलं होतं. त्या नळीतून श्वास घेत ऐकत राहिल्या.

“त्या दिवशी तू पाचच लिहिले असतेस,” त्या शेवटी म्हणाल्या, “तर आम्ही घरी जाऊन जेवलो असतो. एवढंच झालं असतं.”