कावीळ का टायफॉईड?

सुजाता गेल्याचा फोन तिच्या भावानं केला. "ताई, कावीळ लिव्हरवर गेल्ती," एवढंच कसंबसं बोलला. मी ते कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं आणि दहा मिनिटांत तिघींचे फोन. तिघींचा एकच प्रश्न, तोही आवाज खाली करून: "खरं काय झालं गं?" अगं बायांनो, कावीळ! कावीळ म्हणजे कावीळ! पण चिडू तरी कुणावर? हा शब्द खोटा पाडला तो आम्हीच.

आमची ओळखच त्या शब्दावर झाली. बारावीनंतर माझं एक वर्ष घरात पडून गेलं होतं. प्रवेशाला गॅपचं शपथपत्र लागतं, वर्ष का बुडालं ते लिहून द्यावं लागतं. तहसीलबाहेर टायपिंगवाले काका बसायचे. मान वर न करता विचारायचे, "कावीळ का टायफॉईड?" जसं काही जालना जिल्ह्यात पोरापोरींना तिसरं काही होतच नाही! माझ्यापुढं मंठ्याची एक पोरगी उभी होती, तीच सुजाता. ती म्हणाली, "दोन्ही न्हाई. डिप्रेशन लिवा."

काकांचे हात थांबले. "पोरी, लग्न व्हायचंय तुझं. कावीळ टाकतो, बिलकुल चालतं."

"शपथ माझ्या नावाची हाय ना काका? मंग जे झालं तेच लिवा."

नंतर माझा नंबर आला. मी म्हणाले, कावीळ.

होस्टेलवर तिच्यासोबत राहायला कुणी तयार होईना, म्हणून रेक्टर मॅडमनी तिला माझ्या खोलीत टाकलं. काय वैताग होती ही बाई! मेसमध्ये चारचौघींत स्टीलची डबी काढायची, खटकन उघडायची, गोळी तोंडात टाकायची. कुणी विचारलंच तर "डोक्याची हाय" म्हणून मोकळी. मी टेबलाखालून लाथ मारायचे. "गप की गं! गावभर दवंडी कशाला?"

"तुझी आई बीपीची गोळी पदराआड घेती का?"

माझ्या गोळ्या ट्रंकेत होत्या, स्वेटरखाली, व्हिटॅमिनच्या बाटलीत. तिला ते पहिल्याच महिन्यात कळलं. कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. फक्त बाटली तळाला आली की म्हणायची, "कावीळबाई, स्टॉक बघा."

पुढं ती मंठ्यात शाळेवर लागली, मी नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत. शेवटचा फोन तिचाच. "खावंच वाटून न्हाई राह्यलं गं. अंग गळून गेलंय." डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी जुन्या गोळ्यांची चिठ्ठी पाहिली आणि सांगितलं, टेन्शन घेऊ नका. रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही. आणि मी? मी तरी काय दिवे लावले... "गोळ्या वेळेवर घेतीस ना?"

ती उखडली. "अगं, हे ते न्हाई! ते मला बराबर ओळखू येतं."

"बरं बरं, आराम कर," मी म्हणाले. आठ दिवसांनी डोळे पिवळे झाले, तेव्हा सगळ्यांची पळापळ. जी पोरगी आयुष्यभर खरं बोलली, तिचं हे एक वाक्य आम्हाला खरं वाटलं नाही. याचा राग कुठं ठेवू, ते मला अजून कळत नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मागच्या रांगेत कुजबुज चाललीच होती, "काय घेतलं होतं म्हणे?" तिच्या आईनं, म्हणजे मावशींनी, ऐकलं. नंतर त्यांनी मला आत बोलावून ती डबी हातात दिली आणि विचारलं, "तिनं लपवलं असतं तर वाचली असती का गं?" मी डबी पिशवीत टाकली आणि बाहेर आले.

डबी आता माझ्याकडे असते. झाकण इतकं घट्ट की आवाज केल्याशिवाय उघडत नाही. काही दिवस मी ती बाथरूममध्ये नेऊन उघडली. परवा कंपनीत जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच उघडली... खटकन. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशाची गं गोळी?"

"डिप्रेशनची. बारावीपासून."

काकूंचा घास हातातच राहिला. "हळू बोल बाई, स्थळं येऊन राह्यलीत तुला!"

येऊ देत. मावशी, त्या दिवशी तुमच्या प्रश्नावर गप्प बसले, आज नावानिशी लिहिते. मला कावीळ कधीच झाली नव्हती. ती झाली होती तुमच्या सुजाताला.