काळी पाचची बाई आणि दिगंबरचा मोबाइल

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, किस्सा मात्र मुरतो. तालुक्याच्या गावी बातमीदारी करता करता माझे केस पांढरे झाले. खड्ड्यांवरून भांडलो, ठेकेदारांशी भांडलो, नळाच्या पाण्यावरून तर अजून भांडतोय. त्यातलं एकही भांडण कुणाला आठवत नाही. पण टपरीवर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते तुमच्या भजनी मंडळाचं सांगा की!" मग एक निघतं, आणि त्याच्या शेपटीला धरून दुसरं.

मंडळ आमचं सेलूचं. गाणार कुसुमबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. तबल्यावर कापसाच्या जिनिंगमधले आण्णा. पेटीवर दिगंबर, बाईंचाच जुना विद्यार्थी, आता पूर्णेला रेल्वेत. आणि टाळ मी. माझा ताल चुकतो, हा विरोधकांचा प्रचार आहे.

*

पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला आणि मंडळ मुकं झालं. मग एके दिवशी दिगंबर हातभर कीबोर्ड, एक स्पीकर आणि मोबाइल घेऊन आला. मोबाइलमध्ये सिंथेसायझरचं ॲप. "बाई, पेटी आता खिशात हाय!"

पहिल्याच कार्यक्रमाला पुढच्या रांगेतले एक आजोबा चिडले. "आरं, देवाम्होरं बसलास आन मोबाइल काय बघायलास? ठेव तो खिशात!"

दिगंबर वडीलधाऱ्यांचं ऐकणारा. त्यानं सवयीनं फोन बंद करून खिशात घातला. बाईंचा अभंग ऐन अंतऱ्यात उघडा पडला!

आजोबा मागं वळून म्हणाले, "बघा, पेटीवाल्याचं ध्यानच न्हाई!"

*

मोबाइलला नावं ठेवणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. वरातीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा यांची परंपरा गाढ झोपलेली असते. आमचा वीतभर फोन दिसला की खडबडून जागी होते!

एका स्पर्धेत परीक्षकांनी आम्हाला अडवलं. "मोबाइल हे वाद्य नाही. बाद करावं लागेल."

मी टाळ खाली ठेवले आणि उठलो. आण्णा पुटपुटले, "झालं. आता भजन ऱ्हायलं, पत्रकार परिषद सुरू."

मी म्हणालो, "मान्य, साहेब. मग तुमच्या शेजारी जो तानपुरा वाजतोय, तो कुठल्या भोपळ्याचा?"

परीक्षकांनी शेजारी पाहिलं. खुर्चीवर त्यांचाच मोबाइल पडला होता. तानपुरा त्यातूनच चालू होता.

आम्हाला वाजवू दिलं. नंबर मात्र दिला नाही!

*

त्या ॲपमध्ये ऑसिलेटर नावाची भानगड आहे. स्वर जिथं जन्मतो ती जागा. आमच्या ॲपात दोन होते. दिगंबर सांगायचा, "भाऊ, दोन्ही तंतोतंत जुळले तर आवाज मेल्यागत लागतो. एक किंचित वर, एक किंचित खाली पाहिजे. थोडी कुरबुर असली की आवाज भरून येतो."

"म्हणजे संपादक आणि बातमीदार!"

"तसंच. पर जास्त झाली की बेसूर."

ते आम्ही लवकरच अनुभवलं. एकदा घाईत त्यानं दुसऱ्या ऑसिलेटरचं बटण जरा जास्तच फिरवलं. पहिल्याच सुराला समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. आण्णांनी तबल्यावरचा हात उचलला. "दिग्या, दोघांची सोडचिठ्ठी झाली का रे?"

*

वालूरला निराळंच घडलं. बोट लागून दुसरा ऑसिलेटर सात घरं वर सरकला. आता दिगंबर सा दाबायचा आणि त्याच्याबरोबर पंचमही वाजायचा. एक बोट, दोन सूर! त्याला वाटलं, स्पीकर आज खुशीत आहे. श्रोते तर डोलायलाच लागले.

मध्यंतरात यजमान चहा घेऊन आले. आम्हाला दिला आणि एक कप हातात धरून मंडपाच्या पडद्यामागं गेले. तसेच परत आले.

"तुमचा दुसरा पेटीवाला कुठं गेला? लय तयारीचा माणूस हाय. ह्याच्यापेक्षा चांगला वाजवायलाय!"

दिगंबरनं तोंड पाडून तोही चहा प्यायला.

*

आता बाईंची पट्टी. आमच्याकडं गाणाऱ्याला नावाआधी पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरणार ते, विचारतात. सूत्रसंचालकच माइकवरून विचारतो, "बाई, पट्टी?" आणि बाई मान ताठ करून सांगणार, "काळी पाच!" म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. मंडपात कुजबुज होणार. या वयात इतकी उंच पट्टी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची नाही, असं आम्हीच सगळीकडं सांगितलेलं.

एकदा पूर्णेला स्टेशनाजवळ कार्यक्रम होता. बाईंनी आलाप घेतला की इंजिनाचा भोंगा वाजलाच. सूर एकमेकांना खेटून नुसता कालवा! दिगंबर हळूच म्हणाला, "बाई, ॲपात ट्रान्सपोज हाय, बटण दाबलं की सगळे सूर वर-खाली सरकतात. भोंग्याच्या सुराला लावून घेऊ का? मग भोंगा वाजला तरी टोचायचा न्हाई."

बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला सातवीचा वर्ग आठवला असणार.

"मी काय म्हणून हलू? गाडीला सांग माझ्या पट्टीत यायला!"

*

पुढं बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, गा, पण वर ताणू नका. आम्ही भेटायला गेलो तर बाई खिडकीकडं तोंड करून बसलेल्या.

"पट्टी उतरवायची वेळ आली, की मी गाणं थांबवणार. टाळ घेऊन मागं बसेन."

आण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "आन मग हे कुठं बसतील?"

कुणी हसलं नाही. बाई मागं बसणं म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. चार दिवस बसतील आणि पाचव्या दिवशी यायच्याच बंद होतील. नवरा गेल्यावर घराबाहेर पडायला त्यांना हे एकच कारण उरलं होतं.

जिना उतरताना दिगंबर बोलला, "ट्रान्सपोज."

इलाज साधा होता. ॲपात उणे दोन लावायचं, म्हणजे दोन घरं खाली. बोटं काळी पाचवर पडणार, आवाज काळी चारचा निघणार. बाईंची नजर कायम दिगंबरच्या बोटांवर, त्या खूश! मोबाइलला बटण होतं, आण्णांच्या तबल्याला कुठलं? ते घरूनच ठोकून ठोकून उतरवून आणायचे आणि वाटभर मला शिव्या घालायचे. "खोटं बोलायलाय दिग्या, हात माझे दुखायलेत!"

आणि बाई गायल्या. महिनोन्महिने, मजेत. वर विचारायच्या, "काय रे दिगंबर, उतरला का माझा आवाज?"

"कुठं हो, बाई! तुमची काळी पाच म्हणजे काळी पाच!"

*

मग सेलूचीच स्पर्धा आली. भर दुपार, वर पत्र्याचा मंडप, परभणीचं ऊन. मंडप खचाखच. पुढं तेच परीक्षक. यंदा मी त्यांना मुद्दाम नमस्कार केला. त्यांनी मुद्दाम घेतला नाही.

आम्ही बसलो आणि दिगंबरचा मोबाइल तापून बंद पडला. ओल्या रुमालात गुंडाळून, फुंकर घालून त्यानं तो कसाबसा सुरू केला. मंचाचा पडदा पाडतात की काय, या घाईत सा दाबला.

सा आला तो खणखणीत, खराखुरा काळी पाच. बंद पडताना उणे दोन पुसलं गेलं होतं.

दिगंबरनं बोट बटणाकडं नेलं आणि मागं घेतलं. आण्णांच्या तबल्यावर एक थाप पडली आणि ती एकीकडं, सूर एकीकडं. आता बटण दाबावं तर बाईंना बोटं एका जागी दिसणार आणि सूर डोळ्यांदेखत खाली उतरणार. न दाबावं तर बाई त्या उंचीवर जाणार आणि गळ्याचं काय होईल, देव जाणे. मी उगीच टाळ वाजवला. लोक माझ्याकडं बघू लागले.

सूत्रसंचालकाला यातलं काय कळणार! त्यानं नेहमीसारखा माइक पुढं केला.

"बाई, पट्टी?"

बाईंनी पदर सावरला. साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काळी चार. दिगंबर, घे दोन घरं खाली, रोज घेतोस तसं."