प्रत माहितीसाठी

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं, आणि मग स्वतःच्याच सहीची लाज वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आदिलाबाद शहरात इन्स्पेक्टर होतो. गावात नुकतंच एक इंटरनेट केंद्र निघालं होतं. तीन संगणक, मधे प्लायवूडचे आडोसे, आणि चपला दाराबाहेर काढायची सक्ती. त्याचा मालक एक दिवस ठाण्यात आला आणि आवाज खाली आणून हिंदीत सांगू लागला, की उटनूरकडचा एक माणूस दर रविवारी येतो आणि परदेशी लोकांना पत्रं पाठवतो. पत्रात जंगलातल्या गावांची नावं असतात, प्रत्येक नावापुढे आकडे, आणि वर दर वेळी एक नंबर. मागच्या रविवारी चौदा होता. पंधरावा काहीतरी मोठा असणार, असा मालकाचा अंदाज.

त्या पट्ट्यात तेव्हा बंदूकवाल्यांचा वावर होता. गावांची यादी देशाबाहेर जाते म्हटल्यावर कोणीही अधिकारी स्वस्थ बसला नसता. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि रविवारी साध्या कपड्यात केंद्रात जाऊन बसलो.

माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला कापडी पिशवी. एका बोटानं टाइप करत त्यानं तासभरात एक पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी उभं राहून वाचलं, साहेबांपुढे कागद ठेवताना राहतात तसं. ते पाठवण्याआधीच मी ओळख सांगितली आणि त्याला ठाण्यात घेऊन आलो. इतका सभ्य संशयित मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

तो उटनूरकडच्या गुरांच्या दवाखान्यातला सहायक होता. मूळ घर जैनथकडचं. बाप जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेला. सरकारी नोकरी मिळालेला घरातला हा पहिला माणूस. परवानगीशिवाय परदेशाशी पत्रव्यवहार म्हणजे, पत्रात काहीही असो, निलंबन. माझ्या अहवालातली एक ओळ पुरेशी होती, आणि हे त्यालाही कळत होतं. पाण्याचा ग्लास त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

परदेशात कशाला लिहिता, असं मी दरडावून विचारलं.

"साहेब, तिकडं दवाखान्यात मी एकटाच. डॉक्टर महिन्यातून एकखेप येतात. बकऱ्या मरून राह्यल्या. विचारू कोनाले?"

मग त्यानं सगळं सांगितलं. जनावरांवर उपचार करणाऱ्यांचं एक मंडळ इंटरनेटवर आहे, हे त्यानं पेपरात वाचलं. तिथे आपलं नाव, काम, गाव लिहायचं आणि एकमेकांना विचारायचं. 'स्वतःची ओळख' या रकान्यात ह्यानं नेमणुकीच्या आदेशाचा क्रमांक लिहिला होता. तरी लोकांनी त्याला आपला म्हटलं. केनियातली एक बाई, ब्राझीलचा एक म्हातारा, राजस्थानात उंटांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. नवी विकत आणलेली बकरी काही दिवस कळपापासून लांब बांधा, हे त्या बाईनं सुचवलं होतं. ह्यानं ते गावोगाव फिरून गळी उतरवलं. आकडे आजारी बकऱ्यांचे होते. आणि वरचा नंबर? तो जावक क्रमांक. क्रमांक, विषय आणि संदर्भ असल्याशिवाय त्याच्या हातून कागद सुटतच नसे.

मी पुरावा मागितला. त्यानं पिशवीतून जावक रजिस्टर काढलं. चौदाही पत्रांच्या हातानं उतरवलेल्या नकला त्यात होत्या. प्रत्येकीखाली दोन ओळी. एक प्रत त्याच्या वरिष्ठांना, दुसरी पोलीस ठाण्याला, माहितीसाठी.

"कोणत्या ठाण्याला?"

"तुमच्याच, साहेब. परदेशाचं काम. पोलिसाले ठावं असाले पाहिजे ना."

मी स्टेशन रायटरला हाक मारली. त्यानं कपाटातून एक फाइल आणली. चौदाच्या चौदा प्रती, क्रमवार, दोऱ्यानं शिवलेल्या, प्रत्येकीवर आमचा गोल आवक शिक्का. पहिलीला परवानगीचा अर्ज जोडला होता, आणि त्यावर 'पाहिले' लिहून कोणीतरी सही ठोकली होती. सही माझी होती. टपालाच्या गठ्ठ्याबरोबर केलेली, अक्षरही न वाचता. त्या सहीची वार्ता त्याला नव्हती, पण आमच्या आणि त्याच्या वरिष्ठांच्या गप्प राहण्यालाच तो बिचारा मंजुरी समजून चालला होता.

मी त्याचा जबाब घेतला आणि अहवाल लिहिला. संबंधित इसमाने पहिल्या दिवसापासून या ठाण्यास नियमित माहिती दिली असून ती न वाचण्याची चूक माझी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. त्याच्या कार्यालयातून लेखी परवानगी यायला तीन आठवडे गेले. तोवर त्यानं केंद्राची पायरी चढली नाही.

परवानगी आली त्या रविवारी मीही त्याच्यासोबत गेलो. अकरा पत्रं येऊन पडली होती. बकऱ्यांबद्दल एकातही चकार शब्द नव्हता. तुम्ही कुठे आहात, बरे आहात ना, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं. माझं काही चुकलं का, असं केनियाच्या बाईनं लिहिलं होतं. त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. मग त्यानं जावक क्रमांक पंधरा लिहायला घेतला. विषय: गैरहजेरीबद्दल खुलासा.

त्याची प्रत ठाण्यात आली. ती मी दोनदा वाचली आणि मगच सही केली.

लपवाछपवी करणारी माणसं ओळखण्यात माझी सारी नोकरी गेली. सगळं आपणहून समोर ठेवणारा माणूस मला ओळखता आला नव्हता, हे त्या प्रकरणानं शिकवलं. माझी बदली झाली, पण जाताना मी त्याला माझा नवा पत्ता दिला. तेव्हापासून मी जिथे असेन तिथे त्याची प्रत येत राहिली.

परवा मुलीनं माझ्या फोनवर निवृत्त अधिकाऱ्यांच्या एका मंडळात माझं नाव घातलं. 'स्वतःची ओळख लिहा' असा रकाना समोर आला आणि माझं बोट अडलं. मी त्याला पोस्टकार्ड टाकलं, काय लिहू म्हणून. आठवड्यानं उत्तर आलं. वर क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी.

"एकटं वाटते म्हून लिवा, साहेब. बाकी लोक समजून घेतात."

खाली प्रतीची ओळ होती. तिच्यापुढे त्यानं लिहिलं होतं: कोणालाही नाही.