बांधावरचं मानाचं झाड

आमचं घर कुठे, असं कुणी विचारलं की मी "धरणाच्या खाली" म्हणते आणि समोरच्याचा चेहरा बघते. बहुतेकांच्या भुवया वर जातात. मग मी सांगते, घाबरू नका, वर माझी नणंद आहे.

लग्नाआधी नणंद या प्राण्याबद्दल मी काही बरं ऐकलं नव्हतं. त्यात ही धरणाची राखणदार. सगळं गाव तिला मुकादम म्हणतं, मी ताई म्हणते. उंचीने माझ्या खांद्याला, पण आवाज असा की तळ्याच्या मधोमध होडी डोलवणारा गपकन खाली बसतो. धरण म्हणजे मातीचा लांबलचक बांध, आत तळं, तळ्यात होड्या आणि बांधावर फिरायला येणारी माणसं. शेतीला नाही, विजेला नाही, नुसतं मौजेसाठी बांधलेलं. त्यामुळे ते म्हातारं होत चाललंय याचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं. ताई सोडून.

ती रोज सकाळी बांधाच्या पायथ्याशी उतरते. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच, ते खाली एका पाइपातून बाहेर येतं. ताई ते काचेच्या बरणीत धरते आणि उजेडासमोर नेऊन बघते. स्वच्छ असलं तर ठीक. गढूळ दिसलं तर समजायचं, पाण्याबरोबर बांधाच्या पोटातली माती चालली. ती बरणी माझ्या स्वयंपाकघरातून गेली आहे आणि अजून परत आलेली नाही.

बांधावरचं सगळ्यांत मोठं झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. ते इथले पहिले राखणदार. मुळं माती धरून ठेवतील आणि बांध टिकेल, असं त्यांना वाटलं. कुणाला वाटत नाही? त्यांचं बघून गावानेही झाडं लावली. बांधावर अशी गर्द सावली झाली की लोक लांबून बघायला यायचे.

मग तपासणीला इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी बांध वरपासून खालपर्यंत पालथा घातला आणि ताईला समोर बसवून सांगितलं, "डोंगरावर मुळं माती धरतात, खरं आहे. पण इथे एका अंगाला पाणी टेकलंय. झाड म्हातारं झालं, मूळ कुजलं की त्याच्या जागी पोकळ नळी राहते. पाण्याला आयतीच वाट. झाडं काढावी लागतील, मुळांसकट." ताईने इतके प्रश्न विचारले की बाईंचा चहा गार झाला. घरी आली ती जेवलीसुद्धा नाही.

गावाची सभा भरली. दुरुस्तीसाठी तळं उतरवायचं म्हणजे होड्या चिखलात, म्हणून होडीवाला तापलेला. सावली जाणार म्हणून फिरायला येणारे तापलेले. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला.

"बाकीची झाडं काढू. पण मुकादमांच्या वडिलांचं झाड राहील. ते मानाचं झाड. या बाईंनी इथे जन्म घालवला, त्यांच्यासाठी एवढं तरी करू या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे हे तर उभं राहून टाळ्या वाजवत होते, बापाचंच झाड ना! इंजिनिअरबाई काही बोलणार तेवढ्यात ताई उठली.

"मान ठेवलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण सगळ्यांत जुनं मूळ त्याच झाडाचं आहे. झाड कुणाच्या बापाचं, ते पाण्याला काय ठाऊक? पहिलं तेच काढा."

"ताई, बाबांची तेवढीच एक खूण उरलीय!" हे ओरडले.

"आणि तुझं घर बरोब्बर तिच्या खाली आहे. बाबांनी झाड लावलं कशासाठी? बांध टिकावा म्हणूनच ना?"

हे ताडकन निघून गेले. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. पण खरं सांगू? त्या सभेत मला तिचा असा अभिमान वाटला की माहेरच्या माणसाचाही कधी वाटला नव्हता.

झाड पाडलं त्या दिवशी ताई सगळ्यांच्या पुढे उभी. मुळं उपसली, खड्ड्यात मातीचा एकेक थर टाकून ठोकायला सुरुवात झाली. ताईचे डोळे घळाघळा वाहत होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "अरे, दाबा नीट! गोंजारताय काय तिला?"

आमचे हे सुतार. येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. ताईकडे बघितलंही नाही. कामगारांना एवढंच म्हणाले, "खोडाचे तुकडे करू नका. मला अख्खं हवंय." मग कित्येक दिवस कामाच्या खोलीचं दार आतून बंद. मी विचारायला गेले तर रंध्याचा आवाज वाढायचा.

तळं पुन्हा काठोकाठ भरलं. बांध बोडका, वर नुसतं गवत. फिरायला येणारे छत्र्या उघडून कुरकुरत होते. सकाळी ताई नेहमीसारखी पायथ्याशी उतरली आणि थबकली. पाइपासमोर एक लांब बाक मांडलेला, बाबांच्या झाडाचा. एका टोकाला हे बसलेले.

ताईने बाकावरून हात फिरवला, पण बसली नाही. आधी वाकून बरणी भरली आणि उजेडासमोर धरली. दुरुस्तीनंतर तळं पहिल्यांदाच पूर्ण भरलं होतं. आमच्या घराच्या कुंपणाशी मी जीव मुठीत धरून उभी.

"कसंय पाणी?" ह्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत बहिणीशी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"स्वच्छ," ताई म्हणाली. "सरक जरा, बसू दे."

हे सरकले. दोघं बसली, मध्ये बरणी. मी खरं तर बरणी मागायलाच निघाले होते. नाही मागितली.